हुकूम एकाचा, अंमल घरच्यांचा

सुधारक आणि लेखक असगर अली इंजिनिअर १४ मे २०१३ रोजी मुंबईत वारले आणि त्यांचं दफन सांताक्रूझच्या सुन्नी कब्रस्तानात झालं. तिथेच शायर अली सरदार जाफरी आणि कैफी आझमी यांच्याही कबरी आहेत, तेव्हा लेखणीवर जगलेल्या माणसाला सोबत तशी चांगलीच मिळाली. पण इंजिनिअर सुन्नी नव्हते. ते शिया, त्यातले इस्माइली, आणि त्यातलेही दाऊदी बोहरा. त्यांचे वडील तर बोहरा जमातीचे अमील, म्हणजे धर्मगुरूंचे गावोगावी नेमलेले प्रतिनिधी होते. दाऊदी बोहऱ्यांची स्वतःची कब्रस्तानं असतात आणि ती चांगली राखलेली असतात. मात्र जमातीबाहेर टाकलेल्याला तिथे जागा नसते.

मराठी माणसाला बोहरी ठाऊक असतो तो दुकानापुरता. खिळे, बिजागऱ्या, रंग, नळाच्या तोट्या, काच घ्यायची तर बोहऱ्याकडे जायचं, हे तालुक्याच्या गावीसुद्धा ठरलेलं. पुण्यात तर रविवार पेठेत अख्खी बोहरी आळी आहे. पांढरीशुभ्र टोपी, तिला सोनेरी काठ, बोलणं गोड, हिशेब चोख. दुकानाच्या आतल्या दारामागे काय चालतं, याची चौकशी करायची आपल्याला कधी गरज पडली नाही, आणि त्यांनीही ती कधी पडू दिली नाही.

या जमातीची रचना समजून घेतल्याखेरीज तिथला बहिष्कार कळत नाही. दाऊदी बोहऱ्यांच्या श्रद्धेनुसार एकविसावे इमाम तय्यब बाराव्या शतकात गुप्तवासात गेले, आणि तेव्हापासून इमाम जगापासून आड आहेत. त्यांच्या वतीने जमातीचा कारभार पाहतात ते दाई-अल-मुतलक, ज्यांना आपण ‘सय्यदना’ म्हणून ओळखतो. ही गादी आधी येमेनमध्ये होती. सोळाव्या शतकात ती गुजरातेत आली, आणि गेल्या शतकात मुंबईत स्थिरावली. वयात आलेला प्रत्येक मुलगा आणि मुलगी ‘मिसाक’ घेते, म्हणजे इमामांशी आणि त्यांच्या वतीने दाईंशी निष्ठेची शपथ. पुढे लग्न असो, नवा धंदा असो की हजची यात्रा, ‘रझा’ घ्यायची, म्हणजे परवानगी मागायची. गावात ती अमील देतात, आणि त्यांच्यामागे दाईंची सही असते.

जगभरात दहा लाखांच्या आसपास असलेली ही जमात सुखवस्तू आहे, मुलींच्या शिक्षणात पुढे आहे, आणि आपल्या माणसाला उघड्यावर पडू देत नाही. धंद्यात अडचण आली तर ‘कर्जे हसना’ मिळतं, म्हणजे बिनव्याजी पैसा. अलीकडच्या वर्षांत तर जमातीच्या स्वयंपाकघरातून घरोघरी जेवणाचे डबे जातात, म्हणजे कुठल्याच घरी कुणी उपाशी राहू नये. हे कौतुक करण्यासारखंच आहे, आणि मी ते हातचं राखून करत नाही. फक्त त्याची दुसरी बाजू अशी की लग्न, कर्ज, मशीद, मुलाची शाळा, जेवणाचा डबा आणि शेवटची साडेतीन हात जमीन हे सगळं एकाच खुंटीला टांगलेलं असलं, की ती खुंटी ज्याच्या हातात त्याला शिक्षा करायला तुरुंग लागत नाही.

जमातीबाहेर टाकण्याच्या शिक्षेला बोहरा ‘बराअत’ म्हणतात. ती कशी चालते याच्या साक्षी जमातीतल्या सुधारकांनी एका आयोगापुढे आणि न्यायालयांपुढे पुन्हापुन्हा दिल्या आहेत. पोलीस येत नाहीत, दंडाची पावती फाटत नाही. काही वेळा लेखी हुकूमही हातात पडत नाही. मजलिशीत नाव घेतलं जातं, किंवा नुसतं कानोकानी पोचतं. त्यानंतर धाकटा भाऊ फोन उचलत नाही. भागीदार हिशेब मिटवू म्हणतो. मोठ्या गोल थाळाभोवती सात-आठ माणसांनी बसून एकत्र जेवायची बोहऱ्यांची पद्धत आहे; त्या थाळाशी या माणसाला कुणी बोलावत नाही. मुलीच्या लग्नाचा अर्ज घेऊन गेलं तर आधी सफाई चिठ्ठी आणा म्हणतात, म्हणजे जमातीचं सगळं देणं फिटलं असल्याचा दाखला, आणि तो दाखला देणारे तेच. साक्षींमध्ये नवरा-बायकोची ताटातूट झाल्याच्या हकिकती आहेत, आईच्या मयतीला मुलाला येऊ न दिल्याच्या आहेत. ज्याने संबंध तोडले नाहीत त्याच्यावरही बराअत येऊ शकते, ही खरी मेख. त्यामुळे भावाच्या मनात राग असायची गरजच नाही. त्याला त्याच्या मुलांची लग्नं करायची असतात, एवढं पुरतं.

परत येण्याची वाट बंद नसते. माफीनामा द्यायचा, पुन्हा मिसाक घ्यायची. पण माफी मागायची म्हणजे गुन्हा कबूल करायचा, आणि पुष्कळदा वाद नेमका गुन्हा झाला की नाही यावरच असतो. हिशेब विचारणं हा गुन्हा का? वर्तमानपत्रात लेख लिहिणं? नगरपालिकेच्या निवडणुकीत उभं राहणं?

धर्मगुरूंची बाजू अशी की मिसाक ही स्वखुशीने घेतलेली शपथ आहे. ती मोडली की माणूस स्वतःच बाहेर पडतो, त्याला कुणी ढकलत नाही. ज्यांना दाईंचा अधिकार मान्य नाही त्यांनी दाईंच्या मशिदीत नमाज पढायचा हट्ट तरी का धरावा? हा सवाल बिनतोड नसला तरी पोकळही नाही, आणि भारतातली न्यायालयं गेली शंभर वर्षं त्याच्याशीच झुंजत आहेत.

यातला पहिला मोठा निकाल लंडनला लागला. बुऱ्हाणपूरच्या काही बोहऱ्यांना १९१७ मध्ये बाहेर टाकलं होतं. ते प्रकरण खालपासून वर चढत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १९४७ च्या डिसेंबरात, म्हणजे भारत स्वतंत्र झाल्यानंतर, निकाली निघालं. तीस वर्षं. निकाल दोन्ही बाजूंना थोडं थोडं देणारा होता. दाईंना बहिष्काराचा अधिकार आहे, पण तो मनाला येईल तसा वापरायचा नाही. माणसाला त्याची चूक आधी सांगायची, सुधारायची संधी द्यायची, जमातीच्या सभेत कारणं उघड मांडायची, आणि मगच काढायचं. बुऱ्हाणपूरच्या लोकांच्या बाबतीत यातलं काही नीट झालं नव्हतं, म्हणून त्यांचा बहिष्कार वैध नाही. अन्यायाने काढलं, असं कुणी म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय, हे या निकालाइतकं साध्या भाषेत क्वचितच मांडलं गेलं असेल. आरोप सांगितलाच नाही तर तो खोडायचा कुठे?

दोन वर्षांनी मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने त्याच्याही पुढे उडी मारली. बाळासाहेब खेर यांच्या सरकारने १९४९ मध्ये बहिष्कार-प्रतिबंधक कायदा आणला. त्याचा गाभा एका वाक्याचा होता: रूढी, परंपरा, धर्मग्रंथ काहीही म्हणो, कुणालाही कुठल्याही समाजातून बाहेर टाकणं वैध धरलं जाणार नाही. टाकणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत दंड. ‘समाज’ या शब्दात धर्मपंथही आले आणि जातीपोटजातीही. रचना करणाऱ्यांना आपल्या भोवतालचा अनुभव होताच. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक आणि रानडे यांच्यासह कित्येकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं होतं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोचलं होतं, आणि रानड्यांसारख्या उच्च पदावरच्या माणसालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं. घरच्या कार्याला भटजी मिळेनात म्हटल्यावर भले भले नमतात. चहा प्यायला की नाही हा मुद्दा केव्हाच मागे पडलेला असतो.

या कायद्याच्या आधाराने एका बोहऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. त्याच्यावर १९३४ आणि १९४८ असे दोनदा बहिष्काराचे हुकूम निघाले होते. मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने कायदा घटनेला धरून आहे असं ठरवलं. पुढे अपील चालू असतानाच वादी वारला आणि ते प्रकरण तिथे थांबलं. मग १९५८ मध्ये तेव्हाचे दाई, सय्यदना ताहेर सैफुद्दीन, थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं असं की राज्यघटनेचा २६ वा अनुच्छेद प्रत्येक धर्मपंथाला आपल्या धार्मिक बाबींचा कारभार स्वतः पाहण्याचा हक्क देतो, आणि कोण आपला व कोण आपला नाही हे ठरवणं ही धार्मिक बाबच आहे.

९ जानेवारी १९६२ रोजी निकाल लागला, चार विरुद्ध एक, आणि मुंबईचा कायदा घटनाबाह्य ठरला. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती दास गुप्ता यांनी लिहिलं. पंथाची एकी टिकवण्यासाठी श्रद्धेच्या कारणावरून एखाद्याला काढावं लागतं. त्यात त्याचे काही नागरी हक्क गेले तरी २६ व्या अनुच्छेदाने पंथाला दिलेलं स्वातंत्र्य त्यामुळे कमी होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. न्यायमूर्ती अय्यंगार यांनी वेगळं, पण त्याच बाजूचं मत दिलं: सामाजिक सुधारणेच्या नावाखाली एखाद्या धर्माची ओळखच पुसून टाकता येणार नाही.

एकटे पडले ते सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्य होतो, असं त्यांनी म्हटलं, आणि अस्पृश्यता तर घटनेने सतराव्या अनुच्छेदात बंद केली आहे. त्यांच्या मते हा कायदा व्यक्तीच्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याचं रक्षणच करत होता. मला विचाराल तर न्याय सिन्हांच्या बाजूला होता. पण अय्यंगारांचा मुद्दाही झटकून टाकण्यासारखा नाही. ज्या पंथाला कुणालाच ‘तू आमचा नाहीस’ म्हणता येत नाही, तो पंथ उरतच नाही. घोळ झाला तो १९४९ च्या कायद्याने सगळा बहिष्कार एकाच फटक्यात अवैध ठरवला तिथे. श्रद्धेबद्दल काढलेला आणि हिशेब विचारला म्हणून काढलेला, असा फरक त्यात नव्हता. नमाजाची जागा आणि दफनाची जागा यांतही नव्हता. न्यायालयाने तो फरक स्वतः करायला हवा होता, तर त्यानेही उलट बाजूने तोच सरसकटपणा केला. प्रिव्ही कौन्सिलने घातलेल्या नोटीस-सुनावणीच्या अटी या ओढाताणीत कुठल्या कुठे गेल्या.

त्या निकालानंतरची दहाएक वर्षं शांत गेली, निदान वरवर. मग ठिणगी पडली उदयपूरला. १९७० च्या सुमारास तिथल्या बोहरा तरुणांनी नगरपालिकेच्या निवडणुकीत धर्मगुरूंच्या पसंतीच्या उमेदवारांविरुद्ध आपली माणसं उभी केली आणि निवडून आणली. त्यांना माघार घ्यायला सांगण्यात आलं, ते बधले नाहीत, आणि मग बराअत आली. इंजिनिअर तेव्हा मुंबई महापालिकेत नोकरीला होते, पेशाने स्थापत्य अभियंता. अमीलाचा मुलगा म्हणून धर्मग्रंथांचं शिक्षण घरीच झालेलं, त्यामुळे वाद घालायला लागणारी अरबी त्यांच्याजवळ होती. धर्मगुरूंना ते जड गेलं त्याचं हेही एक कारण असावं. त्यांनी वृत्तपत्रांतून उदयपूरच्या लोकांची बाजू मांडली. १९७७ मध्ये सुधारकांच्या मध्यवर्ती मंडळाची स्थापना झाली आणि ते त्याचे सरचिटणीस झाले. दाईंचं धार्मिक पद त्यांनी नाकारलं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. मागणी होती ती एवढीच की जमातीच्या पैशाचा हिशेब द्या आणि ऐहिक व्यवहारात रझेची सक्ती करू नका. त्यांच्यावर अनेकदा हल्ले झाले. फेब्रुवारी २००० मध्ये मुंबईतल्या त्यांच्या घराची आणि कार्यालयाची मोडतोड झाली. २००४ मध्ये स्वामी अग्निवेश यांच्यासह त्यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला.

त्याआधी, सत्तरच्या दशकातच, जयप्रकाश नारायण यांच्या ‘सिटिझन्स फॉर डेमोक्रसी’ने मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती नरेंद्र नथवाणी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याचा अहवाल १९७९ मध्ये आला. सामाजिक बहिष्काराच्या तक्रारींत तथ्य आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. आयोग सरकारी नव्हता, त्यामुळे अहवाल छापला गेला आणि तेवढ्यावरच राहिला.

उदयपूरने मात्र एक गोष्ट दाखवून दिली, आणि मला ती सगळ्या निकालपत्रांपेक्षा मोलाची वाटते. तिथे बाहेर टाकलेले एक-दोन नव्हते, हजारो होते. एकदम इतकी घरं बाहेर गेल्यावर त्यांना लग्न लावायला माणसं मिळाली, मयताला खांदे मिळाले, पैशासाठी स्वतःची सहकारी बँकही उभी राहिली. आज तिथे बोहऱ्यांच्या दोन जमाती शेजारी शेजारी नांदतात. मुंबईत, पुण्यात, सुरतेत सुधारक विखुरलेले होते. एका इमारतीत एखादं घर, एका बाजारात एखादं दुकान. बराअतची भीती खरी ती त्यांना.

१९८६ मध्ये सुधारकांच्या मंडळाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, की १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा. २००४ मध्ये न्यायालयाने ती योग्य पीठापुढे ठेवायला सांगितली. १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, ज्याचं निकालपत्र न्यायमूर्ती अभय ओक यांनी लिहिलं, मान्य केलं की प्रश्न पुन्हा तपासायला हवा. बहिष्कृताचा एका अर्थाने नागरी मृत्यूच होतो, आणि पंथाचं स्वातंत्र्य माणसाच्या प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्कापुढे कितपत टिकतं हे पाहावं लागेल, असं त्यात म्हटलं आहे. ते पाहायचं काम शबरीमला मंदिरप्रवेशाच्या प्रकरणासोबत नऊ न्यायमूर्तींकडे सोपवलं गेलं. याचिका दाखल झाली तेव्हापासून सदतीस वर्षांनी हा टप्पा आला. ज्यांनी ती केली त्यांच्यातले इंजिनिअर तोवर वारले होते.

मधल्या काळात महाराष्ट्राने दुसऱ्या वाटेने एक काम केलं. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने मोहीम उघडली होती. रायगड जिल्ह्यातून तर वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी रांगेने येत होत्या. विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा एकमुखाने मंजूर केला आणि २०१७ मध्ये तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. १९४९ चा जुना कायदा त्याने कागदावरूनही रद्द केला. नवा कायदा नुसत्या ‘तुला काढलं’ या हुकमाच्या वैधतेपाशी थांबत नाही. लग्नकार्यात अडवलं का, स्मशानात किंवा कब्रस्तानात मज्जाव केला का, माल द्यायचा बंद केला का, शाळेत अटकाव केला का, असे प्रत्यक्ष प्रकार तो मोजतो आणि ते गुन्हे ठरवतो. ही मला शहाणी वाट वाटते. श्रद्धेचं काय ते तुमचं तुम्ही ठरवा. मयत अडवाल तर पोलीस येतील.

पण पोलीस कुणाला पकडणार? जातपंचायतीत निदान पंच असतात, बैठक असते, दंडाची रक्कम ठरते. बोहऱ्यांच्या बाबतीत फोन न उचलणारा भाऊ सापडतो. पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आली नाही, हा गुन्हा कुठल्या कलमाखाली नोंदवायचा? आणि नोंदवायचा झालाच तर आपल्याच भावावर? विशेष विवाह कायद्याने लग्न लागेल, पालिकेच्या जागेत दफन होईल, बँक कर्ज देईल. जेवायला कोण येईल याची तरतूद करता येत नाही.

बहिष्काराचं हे हत्यार किती वरपर्यंत पोचू शकतं ते २०१४ मध्ये दिसलं. १७ जानेवारीला बावन्नावे दाई मोहम्मद बुऱ्हानुद्दीन वारले, आणि वारसदार कोण यावरून घर दुभंगलं. दाईंचे पुत्र मुफद्दल सैफुद्दीन यांना जमातीच्या बहुतांश लोकांनी त्रेपन्नावे दाई मानलं. दाईंचे सावत्र भाऊ खुझैमा कुतबुद्दीन यांचा दावा होता की आपल्यालाच गुपचूप वारस नेमलं होतं. हे कुतबुद्दीन कुणी सामान्य नव्हते. ते १९६५ पासून ‘माझून’ होते, म्हणजे दाईंच्या खालोखालचं पद. अर्धं शतक ज्यांच्या हाताचं चुंबन घेतलं, ते एका रात्रीत परके झाले, आणि त्यांच्या मागे गेलेल्यांनी त्याच तक्रारी मांडायला सुरुवात केली ज्या उदयपूरवाल्यांनी चाळीस वर्षांपूर्वी मांडल्या होत्या: मशिदीची दारं बंद, नातलग बोलेनासे झाले, धंदा तुटला.

कुतबुद्दीन २०१६ मध्ये वारले आणि दावा त्यांचे पुत्र ताहेर फखरुद्दीन यांनी पुढे चालवला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २३ एप्रिल २०२४ रोजी तो फेटाळला. आपण निर्णय पुराव्यावर दिला आहे, श्रद्धेवर नाही, असं त्यांनी स्पष्ट नोंदवलं. त्यांच्यापुढचा प्रश्न तेवढाच होता: वारस म्हणून नाव घेतल्याचं सिद्ध झालं की नाही. कुतबुद्दीन यांच्या मागे गेलेल्या घरांतल्या मुलींची लग्नं कुठे व्हायची आणि म्हाताऱ्यांना कुठे पुरायचं, हे त्या दाव्यात कुणी विचारलेलं नव्हतं. ते १९८६ च्या याचिकेत विचारलेलं आहे.